महापालिका, पर्यटन आणि आपली दुकानदारी

गेल्या हिवाळ्यात आमच्या दुकानी हैदराबादचे एक जोडपे आले. शनिवारवाडा आणि लाल महाल पाहून पायी फिरत ते रविवार पेठेत शिरले होते. त्यांची मागणी एकच होती, "खास पुण्याचे काही दाखवा." आम्ही माल काढू लागलो आणि मनात ओशाळलो. साडी सुरतेची, चादर सोलापूरची, ओढणी जयपूरची. पुण्याचे म्हणून हाती देण्यासारखे काही नव्हते. सलाम करून ते निघून गेले. खिशात पैसा असलेले गिऱ्हाईक आमच्याच उणिवेमुळे परत गेले.

पर्यटनाचा विषय निघाला की आपले व्यापारी बंधू म्हणतात, "ते हॉटेलवाल्यांचे काम." दुसरे म्हणतात, "महापालिका आमच्यासाठी काय करते?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर मिळण्यासाठी महापालिका पर्यटनासाठी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

कोणते ठिकाण कोणाकडे?

पुण्यातील प्रत्येक प्रेक्षणीय स्थळ महापालिकेचे नाही. शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणे आणि आगाखान पॅलेस ही राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके असून त्यांचा संबंध केंद्राच्या पुरातत्त्व खात्याशी येतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा ठेवा राज्य सरकारला दान दिलेला आहे. महात्मा गांधी रस्त्याचा कॅम्प भाग कटक मंडळाच्या हद्दीत मोडतो. महापालिकेकडे लाल महाल, विश्रामबागवाडा, महात्मा फुले मंडई, सारसबाग, कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि पु. ल. देशपांडे उद्यान अशी ठिकाणे आहेत. 'पुणे दर्शन' बस चालवते ती पीएमपीएमएल. ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तो कोणत्या दारी करायचा, हे पाहावे. चुकीच्या दारी दिलेला अर्ज वर्षभर फिरतो आणि हाती काही येत नाही.

महापालिका अधिनियमात कामांचे दोन वर्ग आहेत. रस्ते, पाणी, सफाई, दिवे ही बंधनकारक कामे. बागा, संग्रहालये, जत्रा, प्रदर्शने ही ऐच्छिक. पर्यटनाचा बहुतेक भाग दुसऱ्या वर्गात पडतो. पैसा कमी पडला की पहिली कात्री ऐच्छिक कामाला लागते.

पैशाची गोष्ट

यामागे आणखी एक कारण आहे. पूर्वी शहरात माल आला की महापालिकेला जकात मिळे. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली, एलबीटी आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. आज पाहुणा हॉटेलात उतरला किंवा त्याने आपल्याकडून कापड घेतले, तर कर केंद्र आणि राज्याकडे जातो. महापालिकेला राज्याकडून जीएसटीची भरपाई मिळते, पण ती पाहुण्यांच्या संख्येवर ठरत नाही. पाहुण्याच्या पायाखालचा रस्ता झाडण्याचा खर्च मात्र महापालिकेचा. पाहुणे दुप्पट झाले तरी तिच्या तिजोरीत त्या मानाने भर पडत नाही. अशा वेळी पर्यटनाची मागणी ज्यांचा धंदा त्यावर वाढतो त्यांनीच करायची असते. ते गप्प बसले तर फलक, दिवे आणि स्वच्छतागृहे दुसरीकडे जातात.

अहमदाबादने काय केले?

शेजारच्या गुजरातचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अहमदाबाद महापालिकेने नोव्हेंबर १९९७ मध्ये जुन्या शहरातून पायी फेरी सुरू केली. ती काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. मध्ये पोळांच्या अरुंद गल्ल्या आणि बाजार लागतात. मोठी इमारत उभारावी लागली नाही. वाट ठरवली, माहिती सांगणारी माणसे तयार केली आणि रोज सकाळी लोकांना नेले. पुढे २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हणून मान दिला. भारतात हा मान मिळालेले ते पहिले शहर. यातला आपल्या कामाचा मुद्दा असा, की बसने फिरणारा पाहुणा ठरावीक ठिकाणी उतरतो आणि परत बसमध्ये चढतो. पायी फिरणारा दुकानासमोर थांबतो, चहा घेतो, भाव विचारतो. गल्लीतला धंदा पायी येणाऱ्यावर चालतो.

पुण्याच्या पेठांना ही सोय आता जवळ आली आहे. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी मेट्रो स्थानके सुरू झाली. गाडी कोठे लावायची, ही पाहुण्याची जुनी तक्रार त्यामुळे हलकी झाली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले आहेत. ते पाहायला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुण्यात मुक्काम करतील. एक दिवस शहरात काढायचा तर तो कोठे काढावा, याचे उत्तर आपण तयार ठेवले पाहिजे.

सांगण्यासारखे आपल्याकडे खूप आहे. रविवार पेठेचे जुने नाव मलकापूर, शनिवार पेठेचे मुर्तजाबाद, सोमवारचे शहापूर. कापडगंज, बोहरी आळी, तांबट आळी, बुरूड आळी ही नावेच कारागिरांचा आणि व्यापाराचा इतिहास सांगतात. मोमिनपुऱ्याच्या नावात विणकरांची आठवण आहे. पण गल्लीच्या तोंडाशी फलकच नसेल तर परगावच्या माणसाला हे कळणार कसे?

आपण काय करावे?

पहिले काम अर्जाचे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. पाच लाख रुपयांपर्यंतचे काम क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवता येते. माहितीफलक, दिवे, बाक, मुतारीची दुरुस्ती अशी कामे त्यात बसतात. पेठेतील व्यापाऱ्यांनी कसबा-विश्रामबागवाडा किंवा भवानी पेठ, जे कार्यालय लागू असेल तेथे, एकत्र सहीने अर्ज द्यावा. वेगवेगळ्या दहा अर्जांपेक्षा दहा सह्यांचा एक अर्ज वजनदार ठरतो.

दुसरे, पथारीवाल्या बंधूंसाठी. शहर सुशोभित करायचे म्हटले की पहिला धक्का त्यांनाच बसतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे जेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री चालली आहे, असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर व्हावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये. हा हक्क मागायचा तर सर्वेक्षणात नाव, विक्री प्रमाणपत्र आणि जुन्या पावत्या जपून ठेवाव्या लागतील.

तिसरे, मालाचे. तांबट आळीची तांब्याची भांडी पुण्याची आहेत. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घरी कशिदा काढणाऱ्या आपल्या भगिनींच्या हातात हुनर आहे. या हैदराबादकर पाहुण्यांनंतर आम्ही दुकानात एक फळी फक्त पुण्यात तयार झालेल्या मालासाठी ठेवली. भरतकामाच्या पिशव्या, गोधड्या, लहान मुलांचे झबले-टोपडे. प्रत्येकावर गल्लीचे नाव आणि ठरलेली किंमत. विक्री अजून थोडी आहे, पण त्या मालावर तीन घरांना काम मिळते.

चौथे, सचोटीचे. यंत्रमागाची साडी हातमागाची पैठणी म्हणून विकू नये. गिऱ्हाईक आणणाऱ्या चालकाला दलाली देऊन ती किमतीत चढवू नये. परगावचा माणूस पुन्हा भेटणार नाही, असे समजून त्याला फसवणारा दुकानदार साऱ्या बाजाराचे नाव घालवतो. मुसाफिराचा हक्क आपल्या दीनने सांगितलेला आहे.

आगाखान पॅलेस १८९२ मध्ये बांधला गेला, तो दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून. शहरातील वास्तूंनी आजही गरजूंच्या हाताला काम द्यावे. त्यासाठी पाहुण्याला वाट दाखवणारा फलक महापालिकेने लावावा, आणि त्या वाटेवर विकण्याजोगा खरा माल आपण ठेवावा.