दोन इंचांची पट्टी

वाशीच्या आमच्या घरातल्या एका खोलीची लादी बदलायची होती. खोली 10 बाय 12 फुटांची. दोन बाय दोनची लादी, एका अंगाला 5, दुसऱ्या अंगाला 6, म्हणजे 30. एका बॉक्समध्ये 4, तेव्हा 8 बॉक्स. हा माझा हिशेब. मिस्त्रींनी नमुन्याच्या लादीवर टेप धरला. "ताई, ही दोन फुटांची नाही. 600 मिलिमीटरची आहे."

म्हणजे साधारण 23.6 इंच. पाच लाद्या मांडल्या की भिंतीशी जवळजवळ दोन इंच उरतात; त्यातले थोडे सांध्यांत जातात. एवढी बारीक पट्टी कापताना मोडते, आणि बसली तरी रोज डोळ्यांत खुपते. दुसऱ्या अंगालाही तेच.

मिस्त्रींनी खोलीच्या मधोमध दोरी धरली, खडूने रेषा मारल्या. मधल्या लाद्या अख्ख्या, चारही कडांना सारखे तुकडे. दिसायला हे फारच सुरेख. पण तो तुकडा अर्ध्या लादीहून जरासा मोठा, त्यामुळे एका लादीतून दोन निघत नाहीत. 6 गुणिले 7, लागल्या 42 लाद्या. खर्च वाढला, तरी मला हेच पटलं. कापून उरलेल्या भागांतून सगळं स्कर्टिंग निघालं, त्यासाठी वेगळी लादी घ्यावी लागली नाही.

तुटफूट धरून 12 बॉक्स ठरले. खरेदीला तुर्भ्याला गेले. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच करडे रंग देखणे दिसतात, म्हणून दोन नमुने घरी आणून खिडकीपाशी जमिनीवर ठेवले. दुपारी एक निळसर दिसू लागला. तो परत केला.

माल बहुतेक गुजरातच्या मोरबीचा. डिझाईन तेच असलं तरी प्रत्येक भट्टीचा रंग किंचित वेगळा येतो, म्हणून बॉक्सवर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो. टेम्पो आला तेव्हा तो नंबर मी प्रत्येक बॉक्सवर वाचला. अकरांवर एकच, बाराव्यावर दुसरा. तो तिथल्या तिथे बदलून मागितला.

विट्रिफाईड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही. नुसत्या सिमेंटच्या लगद्याला ती नीट धरत नाही, म्हणून ॲडेसिव्ह घेतलं. सुकल्यावर मिस्त्रींनी एकेक लादी वाजवून पाहिली. दोन पोकळ वाजल्या, त्या उचलून नव्या बसवल्या. उरलेला एक बॉक्स माळ्यावर उभा ठेवला आहे, नंबर दिसेल असा.