शुगरची वही : लेखांक ७
पाळीच्या आधीचा आठवडा

सकाळी उपाशीपोटी मीटरवर दोनशेच्या वर आकडा दिसला की टाइप वन मधुमेह असलेल्या मुलीला घरातून पहिला प्रश्न येतो, "रात्री काय खाल्लंस?" दवाखान्यातही बहुतेक वेळा तोच. पाळी कधी आली होती, हे विचारायचं फारसं कुणाला सुचत नाही. आणि मुलगी वडिलांबरोबर आलेली असेल, तर ती आपणहून सांगणंही कठीणच.

पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून बीज बाहेर पडतं आणि प्रोजेस्टेरॉन वाढू लागतं. आठवडाभरात ते सर्वांत जास्त होतं. त्याचं मुख्य काम गर्भाशयाचं अस्तर टिकवण्याचं, पण त्याच्या अमलात शरीर इन्सुलिनला नेहमीइतकी दाद देत नाही. मधुमेह नसलेल्या बाईचं स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून ही कसर भरून काढतं आणि तिला पत्ताही लागत नाही. टाइप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच जवळजवळ संपलेल्या असतात. कालपर्यंत पुरणारे १८ युनिट आज तोकडे पडतात. त्यात या दिवसांत भूक वाढते, गोड खावंसं वाटतं, झोप नीट लागत नाही. म्हणजे "काय खाल्लंस" हा प्रश्न अगदीच गैर नाही. तो एकटाच विचारला जातो, ही अडचण.

खरी गंमत पुढे आहे. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि शरीर पुन्हा इन्सुलिनचं ऐकू लागतं. वाढलेल्या शुगरला कंटाळून कुणी डोस चढवत नेला असेल आणि तोच चालू ठेवला, तर शुगर लो होते, तीही अनेकदा रात्री झोपेत. रोज एकदा घ्यायच्या इन्सुलिनचा अंमल चोवीस तास किंवा त्याहून जास्त चालतो, त्यामुळे काल टोचलेले युनिट आज परत घेता येत नाहीत.

समजा, एका मुलीच्या वहीत बाराव्या ते अठराव्या दिवशी सकाळचे आकडे ११० ते १३० च्या घरात आहेत. चोविसाव्या दिवशी १६५, सव्विसाव्याला २०५. पाळी आली आणि दुसऱ्या रात्री तीन वाजता ६२, घाम, थरथर, तीन चमचे साखर पाण्यात. वहीत नाश्ता, जेवण, डोस असे रकाने आहेत, पाळीचा नाही. तो आखला नाही तर हे आकडे नुसते बेशिस्त वाटतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही इथे उपयोगाची नाही, कारण चढ आणि उतार एकमेकांना झाकतात. शिवाय लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल, तर तो आकडाही खरा असेल त्यापेक्षा जास्त येऊ शकतो.

दोन-तीन चक्रं तारखांसह लिहिली की आपला साचा दिसतो. काहींना फरक जाणवतच नाही, काहींना फक्त शेवटचे दोन दिवस जड जातात. पाळी अनियमित असेल तर कॅलेंडर फसवतं. मग सेन्सरचे आलेख जास्त कामाचे. साचा ठरल्यावर डॉक्टर बहुधा त्या दिवसांपुरता बेसल डोस दहा टक्क्यांच्या आसपास वाढवून पाहतात, म्हणजे वीस युनिटांमागे दोन, आणि पाळी सुरू होताच मूळ डोसवर आणतात. पंप असेल तर या दिवसांचा वेगळा कार्यक्रम त्यात भरून ठेवता येतो. शुगर २५० च्या वर टिकून राहिली किंवा उलट्या, पोटदुखी सुरू झाली, तर पाळीचंच दुखतंय म्हणून पडून राहू नका. किटोन तपासा. किटोन आले तर लगेच दवाखाना गाठा.

गणपतीत किंवा लग्नसराईत पाळी पुढे ढकलायला औषधाच्या दुकानातून सर्रास आणल्या जाणाऱ्या गोळ्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणाऱ्या औषधाच्या असतात. त्या चालू असताना शुगर चढू शकते, बंद केल्यावर काही दिवसांत पाळी येते. घरात मोदक, जागरण, पाहुणे असताना हे सगळं एकदम अंगावर येतं. माझं मत विचाराल तर त्या टाळाव्यात. घ्यायच्याच असतील, तर डोसचं आधी डॉक्टरांशी ठरवून घ्या आणि वहीत गोळीची तारीखही लिहा.

पुढच्या आठवड्यात गर्भारपण : पहिल्या तीन महिन्यांत इन्सुलिनची गरज का घटते आणि नंतर का वाढत जाते.