मोती आणि काच

आपल्या भाषेने डोळ्यांच्या दोन दुखण्यांना एकाच आडनावाची नावे दिली आणि मोठा घोटाळा करून ठेवला. एक मोतीबिंदू, दुसरा काचबिंदू. ऐकणाऱ्याला वाटते, ही सख्खी भावंडे. एकाला जो उपाय चालतो तोच दुसऱ्याला चालत असणार. प्रत्यक्षात दोघांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. मोतीबिंदूने अंधुक केलेली नजर, उशीर झाला तरी, शस्त्रक्रियेनंतर बहुधा परत मिळते. काचबिंदूने नेलेली नजर परत मिळत नाही.

मोतीबिंदूची गोष्ट आनंदाची आहे, म्हणून आधी ती. डोळ्यातले भिंग वयाबरोबर गढूळ होते, तो मोतीबिंदू. आमच्या लहानपणी मोतीबिंदू काढलेली आजी म्हणजे जाडजूड भिंगांचा चष्मा आणि त्यामागे भलेमोठे दिसणारे डोळे. कारण गढूळ भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी काहीच बसवत नसत. वास्तविक २९ नोव्हेंबर १९४९ रोजीच लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडले यांनी कृत्रिम भिंग बसवायला सुरुवात केली होती. महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छताचे ठिकरे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. ते आत राहूनही डोळा चिडत नाही, हे रिडले यांनी हेरले आणि त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग घडवले. बड्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांना वर्षानुवर्षे विरोध केला. पुढे न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना चक्क दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर युक्ती सुचली. ज्या ध्वनिलहरींनी दातांवरचे कीटण निघते, त्यांनीच गढूळ भिंगाचा भुगा करून तो बारीकशा छेदातून ओढून का घेऊ नये? आपण आज ज्याला ‘फेको’ म्हणतो ते हेच.

ही विद्या गरिबाच्या दारी नेली ती मदुराईच्या डॉ. वेंकटस्वामी यांनी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी अवघ्या ११ खाटांचे ‘अरविंद’ रुग्णालय काढले. १९९२ पासून त्यांच्याच ‘ऑरोलॅब’मध्ये भिंगे तयार होऊ लागली आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या लहानशा भागात मिळू लागली. निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याचे यापेक्षा चांगले उत्तर माझ्या ऐकिवात नाही.

पण या सगळ्या प्रवासात जुन्या काळचे एक वाक्य घराघरांत तसेच राहून गेले : ‘अजून पिकला नाही, पिकला की काढू.’ जुन्या पद्धतीत त्याला अर्थ होता. आता नाही. फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो आणि काढायला उलट अवघड जातो. वाचन, स्वयंपाक, जिना उतरणे, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा, यांचा त्रास होऊ लागला की वेळ झाली असे समजावे.

या वाक्याचा खरा धोका मात्र निराळाच आहे, आणि तो मला बँकेच्या काउंटरवर दिसला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते. त्यात एक निवृत्त शिक्षक येत. सही मोत्यासारखी, पेपर चष्मा लावून स्वच्छ वाचत. पण येताना बाजूच्या स्टुलाला धडकत, आणि त्यांच्या डावीकडे ठेवलेला फॉर्म त्यांना सापडत नसे. विचारले तर म्हणत, “मोतीबिंदू धरलाय साहेब, पिकू दे.” असे तीन नोव्हेंबर गेले. अखेर मुलीने डॉक्टरकडे नेले, तेव्हा तो काचबिंदू निघाला. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यात नळीतून पाहावे एवढीच नजर उरलेली.

डोळ्याच्या आत एक द्रव सतत तयार होतो आणि बाहेर वाहून जातो. त्याच्या निचऱ्यात अडथळा आला की दाब वाढतो आणि मागची दृष्टीची नस हळूहळू मरू लागते. या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. आधी कडेची नजर जाते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेली मेंदू सावरून घेतो. खात्यातून रोज रक्कम जावी आणि पासबुकात नोंदच होऊ नये, तसे हे. (काचबिंदूचा एक प्रकार अचानक येतो. डोळा लाल, तीव्र वेदना, दिव्याभोवती रंगीत वलये, उलट्या. तिथे त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.) दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्याचा पत्ताच नव्हता.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढल्याने हा सापडत नाही. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ या आकड्यांत असतो, पण त्या मर्यादेत असूनही नस खराब झालेले रोगी आहेत. म्हणून दाबाबरोबर नसही पाहावी लागते, आणि शंका आल्यास ठिपका दिसताच बटण दाबायची ती कंटाळवाणी चाचणीही करावी लागते. चाळिशीनंतर हे सर्वांनीच करावे. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मोठा उणे नंबर असेल, तर टाळूच नये. आणि डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्यात स्टिरॉइड असले तर दीर्घ वापराने काचबिंदू ओढवतो.

उपचारांची बाजू मात्र बरीच सुधारली आहे. १९७८ च्या सुमारास आलेले टिमोलॉलचे थेंब अजून वापरात आहेत. दमेकऱ्याने मात्र आपला दमा डॉक्टरांना आधी सांगावा, कारण ते त्याला बाधू शकतात. १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट आले आणि रात्री एकच थेंब पुरू लागला. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या अर्ध्या रुग्णांवर सुरुवातीलाच निचऱ्याच्या जाळीवर सौम्य लेसर वापरले होते. तीन वर्षांनंतर त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा दाब थेंबांवाचून काबूत होता. २०२२ मध्ये तिथल्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शनात हे लेसर पहिला उपाय म्हणून आले. त्याचा परिणाम काळाने ओसरू शकतो, पण ते पुन्हा करता येते. आपल्या मोठ्या शहरांतही ही सोय आहे. डॉक्टरांना जरूर विचारावे.

२०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत ब-३ जीवनसत्त्वाने नसेचे रक्षण झालेले दिसले, आणि नंतर माणसांवरही चाचण्या हाती घेतल्या गेल्या. म्हणून कोणी आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत. मोठ्या मात्रेत त्या यकृताला झेपत नाहीत.

थेंबांनी दिसायला काही जास्त लागत नाही, त्यामुळे बाटली संपली की दुसरी आणायचे राहते. ते राहू देऊ नये. थेंब एकच टाकावा, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत.