तुमच्या घाटावरून आलेले पाणी



आपल्या वसतिगृहातील मुलांची खुशाली आपण दर अंकात वाचता. या वेळी आमच्या एका चुकीविषयी लिहिते आणि ती दुरुस्त करताना जे पाहायला मिळाले त्याविषयीही.

गंगाखेडच्या आपल्या वसतिगृहात किनवटकडची काही गोंड मुले राहतात. मागच्या वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आम्ही मोठ्या हौसेने त्यांचा नाच बसवला. कमरेला पाने, डोक्याला पिसे, तोंडाला रंग. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे जानेवारीत मेश्राम कुळातल्या सातवीच्या एका मुलीने आठ दिवसांची रजा मागितली. "काकीची भेट आहे ताई, नागोबाला जायचंय." मी म्हटले, "सराव परीक्षा सोडून जत्रा कसली?" ती काही बोलली नाही. नंतर स्वयंपाकाच्या मावशींजवळ मात्र म्हणाली, "नाचायचं तेव्हा आम्ही आदिवासी. देवाला जायचं तेव्हा नाही."

हे वाक्य मला लागले. म्हणून यंदा तिला रजा तर दिलीच, शिवाय तिच्या आजोबांना विचारून मीही सोबत गेले.

नागोबाचे केसलापूर तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली मंडलात आहे. परभणीहून रेल्वेने किनवटमार्गे आदिलाबाद गाठायचे आणि तिथून उटनूरच्या रस्त्याला लागायचे. आपल्याला हा परका मुलूख वाटतो, पण १९५६ पर्यंत परभणी आणि आदिलाबाद हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. किनवट तालुका तर आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. राज्यांची सीमा पुढे बदलली. सोयरिकी आणि देव होते तिथेच राहिले. जत्रेत आजही गोंडी, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही भाषा कानावर पडतात.

नागोबा हे मेश्राम कुळाचे दैवत. गोंड समाजात कुळे ही देवांच्या संख्येने बांधलेल्या गटांत मोडतात. या भागात चार, पाच, सहा आणि सात असे गट आहेत, मेश्राम सातांतले. एका गटातली माणसे भाऊ-बहीण मानली जातात, त्यांच्यात लग्न होत नाही. त्यामुळे पूजेचा मान कुणाचा, सोयरीक कुठे करायची, हे सारे कुळावरून ठरते. हा इतिहास गाऊन सांभाळण्याचे काम परधान मंडळींचे. किंगरी वाजवत ते कुळाची कथा सांगतात. लिहिलेले पुस्तक नसले तरी वंशावळ हरवत नाही ती त्यांच्यामुळे.

मुख्य पूजा पौष अमावास्येच्या रात्री असते, पण तयारी पौषाची चंद्रकोर दिसल्यापासून सुरू होते. सिरिकोंडा गावच्या कुंभाराला मडकी सांगितली जातात. मग मेश्रामांचा जथा अनवाणी पायी निघतो तो गोदावरीवरच्या हस्तिनमडुगू या ठिकाणी. तेलुगूत मडुगू म्हणजे डोह. मंचेरियाल जिल्ह्यातील जन्नारम मंडलात, कलमडुगू गावाजवळ हा डोह आहे. तिथले पाणी झारीत भरून, ती पांढऱ्या वस्त्रात झाकून, जंगलातून आणि गावोगावी मुक्काम करत केसलापूरला आणतात. जवळ आल्यावर वडाच्या झाडांखाली तळ पडतो आणि अमावास्येला याच पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो.

वडाखाली बसलो असताना मुलीच्या आजोबांनी मला विचारले, "बाई, तुम्ही गंगाखेडच्या ना? मग हे पाणी तुमच्याच घाटावरून आलंय की."

मी क्षणभर गप्पच झाले. आपण गंगाखेडची माणसे गोदावरीला नुसती गंगा म्हणतो. जनाबाईंच्या या गावावरून ती नांदेडला जाते, पुढे बासरवरून श्रीरामसागर धरणात आणि तिथून त्या डोहापर्यंत. इतकी वर्षे घाटावर उभे राहून मी पाणी पुढे जाताना पाहिले. पुढे त्याची कुणी एवढ्या निष्ठेने वाट पाहत असेल हे मनात आले नव्हते.

आता 'भेट' म्हणजे काय ते सांगते. मेश्राम कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांना त्या रात्री नागोबापुढे नेतात आणि त्यांची देवाशी ओळख करून देतात. पांढरे लुगडे, डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढलेला पदर, सोबत घरातल्या वडीलधाऱ्या बायका. ही भेट झाली की सून खऱ्या अर्थाने कुळाची झाली. त्याआधी तिने नागोबाचे दर्शन घ्यायचे नसते. त्या वेळी आत कुळाचीच माणसे असतात, म्हणून मी बाहेर थांबले. माझ्या शेजारी एक आजीबाई बोटांवर सुना मोजत होत्या. मागच्या वर्षी मी ज्या मुलीला "जत्रा कसली" म्हटले, तिची काकी अशाच रात्री घरची झाली होती आणि पुतणी इथे वसतिगृहात गणिते सोडवत होती.

जत्रेत सरकारी अधिकाऱ्यांसमोर दरबारही भरतो. १९४० साली जोडेघाटला कोमराम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांना गोंडांची गाऱ्हाणी समजून घ्यायला पाठवले. दरबाराची प्रथा त्यांच्यापासून सुरू झाली. जमीन, जंगल, पाणी यांचे अर्ज तिथे दिले जातात. त्यांनीच मारलवाई येथे गोंड शिक्षक घडवण्याचे काम सुरू केले आणि मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत काढवली. ऐंशी वर्षांपूर्वी जे सुचले ते आपल्याला आज का सुचू नये, असे मनात आले.

आणखी एक गोष्ट आपण देणगीदारांनी जाणून घ्यावी अशी आहे. केसलापूरचे आजचे दगडी मंदिर मेश्राम कुळाने आपसात वर्गणी काढून बांधले आहे. ज्यांना आपण फक्त घेणारे हात समजतो, ते देणारे हातही आहेत.

परत आल्यावर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पौष अमावास्येला मेश्राम मुलांना रजा मिळेल आणि बुडालेला अभ्यास आम्ही नंतर भरून काढू. संध्याकाळी एक तास मुले गोंडी बोलतील, आम्ही ऐकू आणि ते शब्द देवनागरीत वहीत उतरवू. ९ ऑगस्टला काय करायचे हे मुले आणि त्यांचे पालक ठरवतील. पानांचे पोशाख आम्ही काढून टाकले आहेत. कृपया कुणी नवे पाठवू नयेत. वह्या मात्र जरूर पाठवा.

वहीचे पहिले पान त्या मुलीने भरले आहे. पहिला शब्द तिने लिहिला 'येर'. म्हणजे पाणी.

आपली,
वसतिगृहातील ताई, गंगाखेड