माळ्यावरचं जुनं रिमोट हेलिकॉप्टर पुन्हा उडवताय?

मग आधी इंधन भरू नका! मधली काही दशकं मीही या नादापासून लांब होतो, म्हणून सांगतोय.

जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७०च्या आसपास हा छंद खऱ्या अर्थानं हवेत नेला. हिरोबो शटल, क्योशो कन्सेप्ट ३० ही हेलिकॉप्टरं १९८०च्या दशकातली मंडळी. यांच्या मुख्य पात्यांना आडवी एक दांडी असते, तिच्या टोकांना छोटे पंख. तोल सांभाळायचं ते काम आता इलेक्ट्रॉनिक्स करतं. मला दांडीच आवडते. काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि बरेचदा एरंडेल. पडून पडून ते एरंडेल कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखं घट्ट होतं. इंजिन जोर लावून फिरवू नका. आधी गरम करा, मग साफ करा. बेअरिंग सरळ बदला. निकॅड बॅटरी गळली असेल तर तारा आतून काळ्या पडलेल्या सापडतील. पाती मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतात, त्यामुळे लाकडी पात्याच्या मुळाशी बारीक चीर दिसली तरी ते फेकाच. रेडिओ मात्र नवा घ्या, २.४ गिगाहर्ट्झचा.

उडवायला जागा म्हणाल तर आपल्या अर्जुनी मोरगावात धान कापला की बांध्या मोकळ्या. पण नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाकडे जायचं नाही, आणि सारस दिसला तर उडवणं बंद. उडवण्याआधी ड्रोन नियम २०२१ वाचा, कुठे उडवता येतं ते सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर बघा.

गोंदिया-भंडाऱ्यात कुणाकडे असं मशीन पडून असेल तर भंगारात देऊ नका, मला कळवा.