पाटे, स्प्रिंग आणि हवा

गाडीच्या सस्पेन्शनला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. वर बसलेल्या माणसांना आणि लादलेल्या मालाला हादरे कमी बसू द्यायचे, आणि खाली चारही चाके जमिनीला टेकलेली ठेवायची. डांबरी रस्त्यावर पहिले काम महत्त्वाचे वाटते. रानवाटेवर दुसरे अधिक मोलाचे ठरते, कारण जमिनीवरून सुटलेले चाक गाडी पुढे नेऊ शकत नाही आणि उतारावर थोपवूही शकत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात ही दोन्ही कामे एका फेरीतच कसाला लागतात. रामनगर, जगलबेट, गणेशगुडी या भागांतून जाणारा डांबरी रस्ता सोडून गाडी एखाद्या वाडीकडे वळली की जांभ्याचे उघडे खडक, लाल चिखल, झाडांची मुळे आणि ओहोळ सुरू होतात.

या वाटांचा खरा गुण त्यांच्या चाकोऱ्यांत दिसतो. पावसाळ्यात त्याच त्या दोन रेषांतून चाके जाऊन माती खचते, मध्ये उंचवटा उरतो आणि दिवाळीपर्यंत तो वाळून कडक होतो. दोन्ही चाकोऱ्यांची खोली क्वचितच सारखी असते. डावे चाक खड्ड्यात असताना उजवे जांभ्याच्या दगडावर चढलेले असते, आणि त्याच क्षणी मागच्या चाकांची स्थिती नेमकी उलट असते. चेसिसला पीळ बसावा अशीच ही रचना आहे. सस्पेन्शन साधे असो की अत्याधुनिक, या पिळाला ते काय उत्तर देते यावर त्याची किंमत ठरवावी.

सर्वांत जुने उत्तर म्हणजे पाटे. १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये ओबडाया इलियटने घोडागाडीसाठी पोलादी पाट्यांच्या लंबगोल स्प्रिंगचे पेटंट घेतले, आणि तेच तत्त्व पुढे मोटारीत आले. महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप भारतात जुळवायला घेतल्या, त्यांच्या पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलखाली पाटेच होते. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी तर शेवटपर्यंत चारही चाकांना पाटेच वापरत राहिली. सैन्य, वनखाते आणि जंगल सफारी यांनी तिला इतकी वर्षे सोडले नाही, ते केवळ सवयीमुळे नव्हे.

पाट्यांचा गठ्ठा एकावर एक ठेवलेल्या, खालच्या बाजूस आखूड होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांचा असतो. एकच जाड पट्टी का वापरत नाहीत, याचे कारण साध्या गणितात आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ मिलिमीटरची एक पट्टी ६ मिलिमीटरच्या दोन सुट्या पट्ट्यांपेक्षा चौपट ताठ असते, आणि तेवढीच वाकवली तर तिच्यावर दुप्पट ताण येतो. अनेक पातळ पट्ट्या मात्र पुष्कळ वाकूनही तुटत नाहीत. शिवाय वाकताना त्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात हादऱ्याचा काही भाग जिरतो. उसळी आवरणारा शॉकअप निकामी झाला तरी पाट्याची गाडी घरी पोहोचते, ती यामुळेच.

पाट्याचे दुसरे काम लक्षात येत नाही, पण ते पहिल्याइतकेच मोठे आहे: एक्सल जागेवर धरून ठेवणे. एक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये यासाठी वेगळे दांडे लागत नाहीत. पाट्याचे एक टोक चेसिसला पिनने पक्के असते आणि दुसरे झुलत्या शॅकलला, कारण दाब आला की पाटा सपाट होऊन लांब होतो आणि त्या लांबीला जागा लागते. चार यू-बोल्ट, दोन शॅकल आणि काही बुश एवढ्यावर मागचा सगळा एक्सल उभा असतो. या काटकसरीची किंमतही आहे. जोरात एक्सलरेटर दाबला की एक्सल स्वतःभोवती पीळ खातो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि चढावर मागची चाके ठेचत उड्या मारतात. अनुभवी चालक अशा चढावर पाय हलका ठेवतात.

रिकाम्या पाट्याच्या गाडीचा त्रास सर्वांना माहीत असतो. माणसाला सेकंदाला एक ते दीड या लयीतले हेलकावे सुसह्य वाटतात. टनभर मालासाठी बांधलेला पाटा रिकाम्या गाडीत याहून बराच जलद उसळतो. त्याच पिकअपमध्ये भाताची पोती, सिमेंट किंवा दहा माणसे बसली की वजन वाढते, लय संथ होते आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागते. उघड्या सफारी गाडीत मागची बाके एक्सलच्या वर किंवा त्याच्याही मागे आणि उंच असतात, त्यामुळे तिथला प्रवासी चालकापेक्षा कितीतरी जास्त उडतो. पाट्यांना वेळेवर ग्रीस नसेल तर प्रत्येक खड्ड्यावर ते करकरतात. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात प्राणी पाहायला निघालेल्या गाडीसाठी हा आवाजही दोषच धरला पाहिजे.

पाटा तुटतो तो बहुधा ठरावीक जागी: मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाशी, यू-बोल्टच्या पकडीच्या कडेला किंवा टोकाच्या डोळ्याजवळ. भोकाने पट्टी अशक्त होते आणि पकडीच्या कडेवर वाकण्याचा सगळा ताण एकवटतो. अनेक गठ्ठ्यांत दुसऱ्या पाट्याचे टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती अर्धवट वळवलेले असते. मेन पाटा तुटला तरी तो दुसरा पाटा एक्सलला निसटू देत नाही. लष्करी गाड्यांसाठी आलेली ही युक्ती रानवाटेवर सोन्याच्या मोलाची आहे.

दुरुस्तीची रीत अशी. जॅक एक्सलखाली न लावता चेसिसखाली लावून गाडीचे वजन उचलतात, म्हणजे पाटा मोकळा लोंबतो. एक्सलला ठोकळ्याचा आधार देतात. यू-बोल्टचे नट गंजून घट्ट बसलेले असतात, म्हणून पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून जोर लावतात. शॅकलच्या पिना ठोकून काढल्या की गठ्ठा बाहेर येतो. सेंटर बोल्ट काढण्याआधी गठ्ठा शिकंज्यात किंवा क्लँपमध्ये आवळणे अत्यावश्यक असते, कारण वेगवेगळ्या कमानीचे पाटे एकमेकांना दाबून बसलेले असतात आणि बोल्ट निघताच झटक्याने उघडतात. तुटलेली पट्टी बदलून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून, नवा सेंटर बोल्ट घालून सगळे उलट क्रमाने बसवायचे. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, आणि नेमके हेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणे मात्र धोक्याचे. पोलादाला उष्णता देऊन आणलेला लवचिकपणा वेल्डिंगच्या आचेने जातो आणि जोडाच्या शेजारी नवी चीर पडते. बसलेल्या पाट्याला थंडच ठोकून पुन्हा कमान देणे हे लोहारकाम जुने आणि विश्वासाचे आहे.

या सगळ्याला लागणारी हत्यारे गाडीच्या पेटीत मावतात. लाकडी ठोकळा आणि साखळी असली तर तुटलेल्या पाट्यानेही गाडी हळूहळू रस्त्यापर्यंत आणता येते.

साधेपणाची चर्चा करताना दोन वेगळे प्रश्न नेहमी एकत्र होतात: स्प्रिंग कोणती, आणि एक्सल कसा. चाकोरीत दुसरा प्रश्न अधिक निर्णायक असतो. अखंड एक्सल कावडीसारखा वागतो: एक बाजू वर गेली की दुसरी आपोआप खाली दाबली जाते. म्हणून दगडावर चढलेल्या चाकाचा जोडीदार खड्ड्यात जमीन धरून राहतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक एकटे हलते. सपाट रस्त्यावर ते फार सुखाचे, पण खोल चाकोरीत खालच्या चाकाला दाबणारे कोणी नसते. इंजिनाचा जोर एक्सलच्या दोन चाकांत वाटणारा साधा डिफरन्शियल दोन्हींना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत फिरू लागले की जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो आणि चार चाकांची गाडी असूनही ती जागच्या जागी खोळंबते. अखंड एक्सलचा आणखी एक फायदा आहे. त्याच्या मधल्या फुगीर भागाची जमिनीपासूनची उंची टायरवर ठरते, वजन वाढले तरी ती कमी होत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीचे पोट मात्र भाराने खाली येते आणि चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला घासते.

पाट्यानंतरची पायरी कॉइल स्प्रिंगची. तिच्यात घर्षण जवळजवळ नसते, त्यामुळे लहान खाचा ती सहज गिळते आणि तिला लांब पल्ल्याची हालचाल देता येते. पण ती एक्सलला धरून ठेवू शकत नाही. त्यासाठी लांबीच्या दिशेने दांडे आणि आडवा पॅनहार्ड रॉड लागतो, आणि उसळी थांबवायला चांगले शॉकअप. १९७० च्या रेंज रोव्हरने अखंड एक्सल आणि लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंग एकत्र आणून दाखवले की रानात चालणारी गाडी आरामशीरही असू शकते. भारतात जिप्सीच्या जागी २०२३ मध्ये आलेली जिम्नी याच घराण्यातली: दोन्ही अखंड एक्सल, दोन्हीकडे कॉइल. २०२० च्या थारने मध्यम मार्ग घेतला. पुढे स्वतंत्र विशबोन, मागे अखंड एक्सलला कॉइल. त्याआधीच्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. दोन्ही पिढ्यांच्या गाड्या एकाच चाकोरीतून नेल्या तर मागच्या बाकावरचा फरक पाठीला लगेच कळतो. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी बुश आले, आणि लाल चिखल व पाणी यांना ते बळी पडतात. पण बदलायला सोपे आणि स्वस्त, म्हणून हा सौदा पटण्यासारखा आहे.

अत्याधुनिक सस्पेन्शनचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला हवेचा. पोलादी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे, त्यांना हवा देणारा कॉम्प्रेसर, ओलावा शोषणारा ड्रायर, झडपा, आणि प्रत्येक कोपऱ्याची उंची मोजणारे सेन्सर. रेंज रोव्हरमध्ये हे १९९२ मध्ये आले. आजच्या लँड रोव्हर डिफेंडर ११० मध्ये गाडी सुमारे ७५ मिलिमीटर उचलून पोटाखालचे अंतर २९१ मिलिमीटरपर्यंत नेता येते. थारमध्ये ते कायम २२६ आहे. भार कितीही असो, गाडी आपली उंची राखते, ही सोय पाट्याला कधीच देता आली नाही. हवेच्या काही रचनांत रानवाटेवर डाव्या-उजव्या फुग्यांच्या हवेची वाट जोडली जाते, म्हणजे एक चाक वर गेले की दुसरे खाली ढकलले जाते. अखंड एक्सलला जे फुकट मिळते ते इथे झडपांनी कमावलेले असते.

दुसरा प्रकार बदलत्या शॉकअपचा. काहींत विजेवर चालणारी झडप तेलाची वाट अरुंद-रुंद करते. काहींत तेलात लोहकण असतात आणि चुंबकीय क्षेत्र आले की काही मिलिसेकंदांत ते तेल घट्ट होते. अनमोड घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर किंवा ताशी चाळीसने धावता येईल अशा खडबडीत वाटेवर यांचा उपयोग स्पष्ट आहे. मात्र शॉकअपचा जोर त्याच्या हालचालीच्या वेगावर अवलंबून असतो. माणसाच्या चालीने दगडावर चढणाऱ्या गाडीत ती हालचाल इतकी संथ असते की साधा आणि महागडा शॉकअप यांत फारसा फरक उरत नाही. तिथे चाकाचा पल्ला आणि दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक कामाला येतात. जाहिरातीतल्या चिखलाच्या फवाऱ्यात हे कधीच सांगितले जात नाही, आणि ग्राहकाने नेमके हेच विचारायला हवे.

तिसरा प्रकार अँटी-रोल बारचा. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाके जोडणारा हा दांडा चाकोरीत चाकांची मोकळी हालचाल अडवतो. २००७ च्या जीप रँग्लर रुबिकॉनपासून तो कमी वेगात बटणाने सोडता येतो. तेच काम पान्याने एक पिन काढूनही होते. बटणात सोय आहे, कौशल्य वाढत नाही.

बिघाडाची रीत हा शेवटी मोठा फरक ठरतो. पाटा तुटण्याआधी गाडी एका बाजूला झुकते, आवाज करते, चीर गंजाच्या रेषेने दिसते. हवेचा फुगा चिरला की गाडी थेट रबरी ठोकळ्यांवर बसते, हालचालीचा पल्ला संपतो आणि पोट मधल्या उंचवट्यावर टेकते, म्हणजे ओढून नेणेही कठीण. आधी बारीक गळती असेल तर कॉम्प्रेसर सतत चालून तापतो आणि तोही जातो. उंची मोजणाऱ्या सेन्सरची लहान दांडी चाकाजवळ असते. काटकी अडकून ती निखळली तर धडधाकट गाडीही चुकीच्या उंचीवर उभी राहते. कारण शोधायला स्कॅनर आणि संगणक लागतो, तो जंगलातल्या वाडीत नसतो.

पाण्याचा हिशेबही वेगळा. कॅसलरॉकच्या घाटाखाली, गोव्यातल्या कुळे गावातून दूधसागरला जाणाऱ्या जीप पावसाळ्यानंतर दगडगोट्यांचे ओढे ओलांडत राहतात. पाट्यातले ग्रीस पाण्याने धुऊन जाते, पण ते पुन्हा भरता येते. फुग्याच्या घडीत अडकलेली वाळू मात्र प्रत्येक हालचालीला रबर घासते. अशी गाडी रानातून आल्यावर ती पूर्ण उचलून घड्या स्वच्छ पाण्याने धुवाव्या लागतात.

म्हणून या तालुक्यात रोज मालवाहतूक करणाऱ्या पिकअपला मागे पाटेच हवेत, त्यांत काही चूक नाही. सफारीच्या किंवा घरच्या गाडीला मात्र मागे अखंड एक्सल, कॉइल आणि डिफरन्शियल लॉक हा मेळ आज सर्वांत योग्य दिसतो. जो बेळगाव-गोवा महामार्गावर रोज धावतो आणि वर्षातून मोजक्या वेळी रानात जातो, त्याला हवेचे सस्पेन्शन सुख देईल, फक्त त्याने सोबत दुसरी गाडी घ्यावी.

अलीकडे साधे आणि अत्याधुनिक यांच्या मधली तिसरी वाटही उघडली आहे. २०२२ ची स्कॉर्पिओ-एन आणि २०२४ ची थार रॉक्स यांच्या मागच्या अखंड एक्सलला वॅट लिंकेज आहे. पॅनहार्ड रॉड एका टोकाला बांधलेला असल्याने एक्सल वर-खाली होताना किंचित बाजूला सरकतो. वॅट लिंकेजमधली फिरती मधली कडी त्याला जवळजवळ सरळ रेषेत ठेवते. जेम्स वॅटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी शोधलेली ही रचना आहे. सोबतच्या शॉकअपमधली झडप हादऱ्याची लय ओळखून मऊ किंवा ताठ होते, तेही सेन्सर, तार किंवा संगणकाशिवाय. अशा गाडीचे बुश आणि शॉकअप बदलायला साधे गॅरेज पुरते.