ऑयलरच्या विटेचा चौथा कर्ण

३ फूट रुंद, ४ फूट लांब आणि १२ फूट उंच खोक्यात जास्तीत जास्त किती लांबीची काठी मावेल? तळाचा कर्ण ५ फूट. त्याच्याशी काटकोनात १२ फुटांची उंची धरली, की खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण येतो नेमका १३ फूट. पायथागोरसचा सिद्धांत दोनदा वापरला की झाले! पण याच खोक्याच्या उभ्या बाजूंचे कर्ण काढायला जावे, तर एकही पूर्णांकात येत नाही.

अशा खोक्याच्या, म्हणजे इष्टिकाचितीच्या, पृष्ठांवर तीन मापांचे कर्ण असतात आणि चौथा तिच्या पोटातून जातो. तिन्ही कडा आणि हे चारही कर्ण, अशी सातही मापे पूर्णांकात असलेली ‘परिपूर्ण’ चिती आहे का? गणितातला हा प्रश्न आजही खुला आहे.

सहा मापे जुळवणे जमले आहे. १७१९ मध्ये जर्मन गणिती पॉल हाल्के याने ४४, ११७ आणि २४० या कडा शोधल्या. त्यांचे पृष्ठकर्ण १२५, २४४ आणि २६७. पुढे लिओनार्ड ऑयलरनेही अशा चितींचा अभ्यास केला आणि त्या ‘ऑयलरच्या विटा’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. हाल्केच्या विटेचा आतला कर्ण मात्र सुमारे २७०.६ भरतो.

तान्हेपणीच देवीच्या रोगामुळे दृष्टी गमावलेले निकोलस सॉन्डरसन केंब्रिजमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. १७४० मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या बीजगणितावरील ग्रंथात अशा असंख्य विटा घडवणारे सूत्र आहे. त्यात ३, ४, ५ हे त्रिकूट घातले, की हाल्केचीच वीट हाती येते. पण या सूत्रातून निघालेल्या एकाही विटेचा आतला कर्ण पूर्णांक नसतो, हे १९७२ मध्ये सिद्ध झाले.

दुसऱ्या बाजूनेही घोडे अडते. १०४, १५३, ६७२ या चितीचा आतला कर्ण ६९७. दोन पृष्ठकर्णही पूर्णांकात, १८५ आणि ६८०. तिसरा तेवढा हुकतो.

परिपूर्ण चिती शोधताना संगणकाला प्रत्येक आकडा तपासावा लागत नाही. दोन विषम संख्यांच्या वर्गांच्या बेरजेला ४ ने भागले तर बाकी २ उरते आणि कोणत्याही पूर्ण वर्गाची बाकी २ नसते. म्हणून दोन कडा विषम असूच शकत नाहीत. अशा चाळण्या लावूनही, सर्वांत लहान कडा दहा अब्जांपर्यंत असलेल्या चितींत एकही परिपूर्ण चिती सापडलेली नाही.

काटकोनाची अट सोडली तर? २००९ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज सॉयर आणि क्लिफर्ड रायटर यांनी २७१, १०६ आणि १०३ कडांचे तिरपे खोके शोधले. त्याची सहाही पृष्ठे समांतरभुज चौकोन आहेत आणि पृष्ठांवरचे व आतले सगळे कर्ण पूर्णांक. चार पृष्ठे आयत असलेली खोकीही मिळाली. सहाही पृष्ठे आयत असलेले खोके मात्र सापडलेले नाही आणि ते अशक्य असल्याची सिद्धताही कुणाला देता आलेली नाही.